लुटा, पण खेळू द्या

मास्क लावून यायचं, ‘हात वर’ म्हणायचं, उत्तराची वाटही न बघता गोळी घालायची, पाकीट काढून गाडीत बसायचं आणि वर त्या क्लिपला टाळ्या मिळवायच्या. आरपी म्हणजे रोलप्ले सर्व्हरवर सध्या यालाच खेळ म्हणतात. मी याला फुकटेपणा म्हणतो. असं करणारी पोरं, त्यांना पाठीशी घालणारे ॲडमिन आणि त्या क्लिपांवर चेकाळणारे प्रेक्षक, या तिघांनी मिळून एक उत्तम खेळ नासवायला घेतला आहे. ‘गेम आहे रे, एवढं काय मनाला लावून घेतोस’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर ऐकून आता वीट आला आहे.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह’ हा 2013 सालचा गेम 2015 मध्ये पीसीवर आला. बाहेरच्या प्रोग्रामरनी त्यावर फाइव्हएम नावाची सोय उभी केली आणि त्यातलं लॉस सँटोस हे शहर कुणालाही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येऊ लागलं. ती सोय करणाऱ्या चमूला 2023 मध्ये हा गेम बनवणाऱ्या खुद्द रॉकस्टार कंपनीनं आपल्यात सामावून घेतलं. या सर्व्हरवर माणसं पात्र घेऊन राहतात. कोणी पोलीस, कोणी अँब्युलन्सवर, कोणी मेकॅनिक, टॅक्सीवाला, वकील, कोणी टोळीतला. माइकवर बोलायचं ते पात्र म्हणून. भारतीय सर्व्हरवर बोलणं बहुतेक हिंदीत चालतं, पण पुण्या-नाशिकची, नागपूरची पोरं तिथे रात्री हमखास भेटतात आणि ओळख पटली की लगेच मराठीवर येतात.

या खेळात शेवटी कुणी विजेता घोषित करत नाही. पैसे खोटे, गाड्या खोट्या, बँकेतली रोकड खोटी. खरा असतो तो फक्त समोरचा माणूस. दिवसभर काम करून, जेवणं उरकून, घरच्यांची कुरकुर ऐकून तो दोन तास मोकळे काढून बसलेला असतो. तुम्ही त्याला रस्त्यात अडवता तेव्हा त्या दोन तासांतला एक तुकडा तुम्ही स्वतःकडे घेता. तो तुकडा कसा जाईल हे त्या क्षणी सर्वस्वी तुमच्या हातात असतं, कारण बंदूक तुमच्याकडे आहे आणि त्याच्याकडे नाही. म्हणून ज्याच्या हातात बंदूक त्याच्यावर समोरच्याच्या मजेची जबाबदारी, यावर मी कुणाशीही, कितीही वेळ भांडायला तयार आहे. बरोबरीच्या सामन्यात दोघांनी आपापलं बघावं. लूट हा बरोबरीचा सामना नसतो.

माझं पात्र म्हणजे खेळातल्या सँडी शोअर्सला गॅरेज चालवणारा मेकॅनिक. गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्त करून शहरात पोचवायला निघालो होतो. मागून काळी गाडी आली, आडवी घातली, चौघे उतरले. ‘हात वर कर.’ केले. ‘दादा, गाडी माझी नाही, गिऱ्हाइकाची आहे, ती तेवढी’ एवढं बोलतोय तोवर गोळी. स्क्रीन काळी. खाली अँब्युलन्स यायची वेळ मोजणारा आकडा. चौघांपैकी तिघांचा आवाजसुद्धा मी ऐकला नाही. बहुतेक सर्व्हरवर न्यू लाइफ रूल असतो, म्हणजे मेलेल्यानं आपल्याला कुणी मारलं, कुठे मारलं, हे विसरून जायचं. नियम योग्य आहे, नाहीतर सूडाला अंत राहणार नाही. पण त्याचा परिणाम बघा. मला त्या चौघांना ओळखायची मुभा नाही, पोलिसांकडे जायची नाही, गिऱ्हाइकाला काय झालं ते सांगायचीही नाही. पाकीट गेलं ते गेलंच, त्यातून जी गोष्ट निघाली असती तीही त्यांनी मारून टाकली. एका गोळीत स्वतःचाही पुढचा महिन्याभराचा मसाला त्यांनी संपवला, आणि हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

त्याच रस्त्यावर दुसऱ्या एका टोळीतल्या पोरानं मला लुटलं ते वेगळ्या तऱ्हेनं. त्यानं आधी विचारलं, ‘गाडी कुणाची?’ मी सांगितलं. ‘गिऱ्हाइक काय करतो?’ मी थाप मारली की वकील आहे. तो थांबला, मागच्या साथीदाराकडे बघून म्हणाला, ‘वकिलाची गाडी नको, पुढे उपयोगाला येईल.’ मग बंदूक माझ्या डोक्याला लावून त्यानं स्वतःच्या गाडीचे ब्रेक माझ्याकडून दुरुस्त करून घेतले. काम चालू असताना हप्त्यावर बोलणं झालं. माझ्याकडची सगळी रोकड त्यानं घेतली, हत्यारांची पेटी मात्र ठेवली. ‘पेटी नेली तर हप्ता कुठून देशील?’ पुढे त्या हप्त्यावरून एका हवालदाराला माझा संशय आला, मी नाकारलं, वकिलाची थाप खरी करायला मला खराच एक वकील शोधावा लागला. दोन्ही वेळा माझे पैसे गेले. दुसऱ्या वेळी जास्त गेले. आणि दुसऱ्या दिवशी मी कधी एकदा लॉग इन करतो असं मला झालं होतं.

त्या पोरानं माझ्यावर दया केली नाही. त्यानं मला लुबाडलंच. फक्त लुबाडताना त्यानं मला काहीतरी करायला दिलं. एक खोटं बोलायची जागा दिली, ते खोटं खरं मानायचं की नाही हे ठरवायला स्वतः वेळ घेतला आणि शेवटी माझ्यापाशी पुढच्या दिवसासाठी काहीतरी शिल्लक ठेवलं. यासाठी महागडा माइक लागत नाही, अभिनयाचं शिक्षण लागत नाही. समोर माणूस आहे याची जाणीव पुरते.

यावर पहिली ढाल पुढे येते ती अशी: ‘माझं पात्रच तसं आहे, निर्दय आहे.’ पात्र कुणी लिहिलं? तुम्हीच ना? मग त्याचा निर्दयपणा असा मुका का लिहिलात? निर्दय माणूस बोलतो, धमकावतो, खेळवतो, काही मागतो, काही नाकारतो. येता क्षणी गोळी घालणाऱ्या पात्राला स्वभाव नसतो, त्याला फक्त नेम असतो. नेमच दाखवायचा असेल तर त्यासाठी ‘काउंटर स्ट्राइक’ आहे, ‘व्हॅलरंट’ आहे. तिथे समोरचाही बंदूक घेऊनच आलेला असतो आणि गोळी खायला राजी असतो. तिथे जाऊन दाखवा. मेकॅनिक आणि टॅक्सीवाल्यांवर नेमबाजी करण्यात कसली मर्दुमकी?

सिंधुदुर्गातल्या जत्रेत रात्रभर चालणारा दशावतार ज्यांनी बघितला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. छापील संहिता नसते. आख्यान ठरतं, राजा कोण, राक्षस कोण ते ठरतं, आणि मग हार्मोनियम, मृदंग, झांजेच्या साथीनं नट उभ्या उभ्या संवाद रचत जातात. राक्षस शेवटी मरणार हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी माणसं उजाडेपर्यंत हलत नाहीत, कारण राजा राक्षसाला बोलू देतो. त्याची आरोळी पुरी होते, त्याचा युक्तिवाद पुरा होतो, लढाईचा नाच रंगतो, आणि मगच तो पडतो. राजा झालेल्या नटानं आल्या आल्या राक्षसाला आडवा केला आणि पडद्यामागे निघून गेला, तर त्याला पुन्हा राजा कोण करील? सर्व्हरवर मात्र अशाच नटाला टोळीचा म्होरक्या करतात.

हे आजचं नाही. ऑनलाइन खेळांच्या जन्मापासून हे दुखणं आहे आणि त्याचं निदानही केव्हाच झालेलं आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात 1978 साली रॉय ट्रबशॉ यांनी ‘मड’ सुरू केला, रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. अनेक माणसांनी एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरायचं, ही कल्पना तिथून फोफावली. याच बार्टल यांनी 1996 मध्ये एक लेख लिहून खेळाडूंचे चार स्वभाव मांडले: कमावणारे, धुंडाळणारे, गप्पांत रमणारे आणि मारणारे. मारणारे वाढले की गप्पांत रमणारे आधी निघून जातात, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1997 मध्ये, ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू झाला आणि त्याचा प्रत्यय हजारो लोकांनी घेतला. शहराच्या पहारेकऱ्यांच्या टप्प्याबाहेर पाऊल टाकलं की नाव लाल अक्षरांत दिसणारे खुनी टपलेले. मेलात की अंगावरचं सगळं त्यांचं. नवखा माणूस लाकूड तोडायला जंगलात जायचा आणि उघडा होऊन परत यायचा. खेळाचे रचनाकार राफ कोस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदनामीचे गुण लावले, शिक्षा लावल्या, नियम पुन्हा पुन्हा बदलले. काही उपयोग झाला नाही. अखेर 2000 साली जगाचे दोन तुकडे करावे लागले. फेलुकामध्ये जुना जंगलचा कायदा, ट्रॅमलमध्ये समोरच्याच्या संमतीशिवाय हात उचलता येणार नाही. लोंढा ट्रॅमलकडे गेला. शिकारी फेलुकात बसून राहिले आणि शिकार निघून गेली, म्हणून वर्षानुवर्षं गळे काढत राहिले. त्या जगाला जी धार होती ती दोन तुकड्यांत बोथट झाली, हे मलाही मान्य आहे. पण ती धार घालवली कुणी? पळालेल्यांनी नव्हे. समोरच्याला पळण्यावाचून दुसरं काही शिल्लक न ठेवणाऱ्यांनी.

दुसरी ढाल नियमांची. ‘नियमात बसतं, मग तक्रार कसली?’ यावर एक उदाहरण पुरे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये 2006 साली एका खऱ्याखुऱ्या मरण पावलेल्या खेळाडूसाठी तिच्या सोबत्यांनी खेळातच शोकसभा ठेवली. विरोधी गटाच्या एका टोळीनं तिथे घुसून सगळ्यांना कापून काढलं आणि त्याचा व्हिडिओ मिरवला. तो सर्व्हर लढाईचा होता, जागा खुली होती, नियम मोडलेला नव्हता. इतक्या वर्षांनीही त्या हल्ल्याचं समर्थन करणारे भेटतात. नियम म्हणजे खेळाचा तळ, त्याच्या खाली गेलात तर बाहेर काढतील एवढंच तो सांगतो. तळाला चिकटून राहणं ही काही गुणवत्ता नव्हे.

दुसऱ्याचं पात्र परस्पर चालवणं हा आणखी एक रोग. जे हालचालीत दाखवता येत नाही ते खेळाडू ‘स्लॅश मी’ टाकून लिहितात. ‘त्याचे हात बांधायला लागतो’ असं लिहा आणि थांबा. गाठ बसली की नाही हे समोरचा ‘स्लॅश डू’नं सांगेल. पण आमचे वीर लिहितात, ‘हात घट्ट बांधतो, त्याला सुटता येत नाही, तो घाबरून रडतो.’ तो रडतो हे ठरवणारे तुम्ही कोण? ही किरकोळ बाब नव्हे. 1993 साली लँब्डामू या केवळ मजकुरावर चालणाऱ्या जगात मिस्टर बंगल नाव घेतलेल्या एकानं एका प्रोग्रामच्या जोरावर दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावानं लैंगिक अत्याचाराची वाक्यं भर दिवाणखान्यात सगळ्यांसमोर उमटवली. पात्रं ज्यांची होती त्यांच्या हातात काही उरलंच नाही. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी ‘द व्हिलेज व्हॉइस’मध्ये त्यावर लिहिलं तेव्हा जगाला कळलं की दुखापत पात्राला होते तशी माणसालाही होते. समोरच्याचं शरीर, त्याची भीती, त्याचे शब्द त्याचेच असतात. हा धडा इतका जुना आहे, तरी आपल्याकडे अजून गिरवायला सुरुवात नाही.

आणि निर्दय खेळात सौजन्य बसत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘ईव्ह ऑनलाइन’कडे बघावं. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा हा गेम 2003 पासून चालू आहे. त्यात विश्वासघात चालतो, चोरी चालते, वर्षभराची कमाई एका रात्रीत राख होते. जानेवारी 2014 मध्ये झालेल्या बी-आर फाइव्ह आर बीच्या लढाईत 75 टायटन अंतराळयानं नष्ट झाली. तरी चुरशीची झुंज झाली की तिथे हरलेला आणि जिंकलेला दोघेही चॅटमध्ये दोन अक्षरं टाकतात, ‘जीएफ’, छान लढलात. आमच्याकडे लुटून झाल्यावर प्रेतावर नाचतात.

गुन्हेगार पोरांवर इतका वेळ घालवला म्हणून वर्दीवाल्यांनी खूश होऊ नये. पोलिसांचं पात्र घेणारे तर अनेकदा यांच्यापेक्षा वाईट खेळतात, कारण त्यांच्यामागे व्यवस्था असते. एक दुकान फोडलं की दहा गाड्या मागे. चोर पायी पळाला तर वरून हेलिकॉप्टर. पकडल्यावर कलमांची यादी एका दमात वाचून दाखवायची आणि साठ महिने आत. बऱ्याच सर्व्हरवर महिना म्हणजे एक मिनिट. म्हणजे एक माणूस तासभर एका कोठडीच्या भिंतीकडे बघत बसतो, आणि पकडणारा त्याला विसरून पुढच्या पाठलागावर निघून गेलेला असतो. मास्क लावलेल्या माणसाला आवाजावरून ओळखून नाव घेणारे पोलीस मी पाहिले आहेत. सगळे शंभर टक्के गुन्हे उघडकीला आणायच्या ईर्ष्येनं पेटलेले. अरे, पण चोर कधीच सुटणार नसेल तर उद्या चोरी कोण करील, आणि तुम्ही मागे कुणाच्या लागाल? आरोपीला खोटं बोलू देणं हे या खेळातल्या पोलिसाचं पहिलं काम आहे. त्याला बसवा, पाणी विचारा, कुठे होतास ते विचारा, वकील मागितला तर बोलवा, त्याच्या गोष्टीतलं एक भोक शोधा आणि दुसरं मुद्दाम सोडून द्या. शिक्षा तेवढीच द्या, पण ती त्यानं कमावलेली असू द्या.

खेळातल्या फ्लीका बँकेच्या दरोड्यात तर मला सगळ्यात जास्त कीव ओलिसाची येते. त्याला रस्त्यावरून उचलून आणतात, कोपऱ्यात हात वर करून उभा करतात आणि विसरतात. चोर आपसात रेडिओवर बोलतात, बाहेर पोलीस वाटाघाटी करतात, ड्रिल चालू राहतं, आणि हा माणूस पाऊण तास भिंतीला पाठ लावून उभा. ज्याच्या जिवावर अख्खा दरोडा उभा आहे त्याच्याशी एक वाक्य बोलायला कुणाला फुरसत नसते. त्याला विचारा की तू कोण, घरी कोण वाट बघतंय. बाहेर फोन करायला लावा. त्याला तुमच्यातल्या एकाला फोडायचा प्रयत्न करू द्या. तसं झालं तर महिन्यानंतरही त्याला तो दरोडा आठवत असतो.

हरणाऱ्यांचीही यात वाटणी आहे. चार बंदुका रोखलेल्या असताना खिशातून पिस्तूल काढणारा, बेडी पडायच्या आत गेम बंद करून पळणारा, प्रत्येक हारीनंतर ॲडमिनकडे तक्रारीचं तिकीट टाकून क्लिप मागणारा, हे सगळे रडीचा डाव खेळतात आणि समोरच्याला बोलावंसं वाटेनासं करतात. त्यांच्याशी सौजन्यानं वागून हात पोळलेले गुंड मला माहीत आहेत. पण सुरुवात बंदूकवाल्यानंच करायला हवी, कारण घाबरलेल्याकडून डौलाची अपेक्षा करता येत नाही.

राहिले स्ट्रीमर आणि ॲडमिन. पाचशे लोक बघत असतात म्हणून समोरच्या खेळाडूला स्वतःच्या कार्यक्रमातलं प्रॉप समजणाऱ्या स्ट्रीमरला प्रेक्षकांनीच जाब विचारला पाहिजे. लाइक कशाला देता याचा विचार करा, तुमच्या लाइकवरच ही पोरं पोसली जातात. ॲडमिनांनी तर हात झटकणं थांबवावं. तक्रार आली की नियम क्रमांक अमुक मोडला का, एवढंच बघतात. आपल्या ओळखीची टोळी असेल तर तेही बघत नाहीत. नवीन माणूस आठवडाभर मार खातो आणि गुपचूप निघून जातो. तो तक्रार करत नाही, म्हणून यांना वाटतं सर्व्हर छान चाललाय.

माझी मागणी साधी आहे. कुठल्याही टोळीला मोठ्या दरोड्याची परवानगी देण्याआधी तिनं मागच्या वेळी ज्यांना लुटलं त्यांना विचारा: पुन्हा यांच्या हाती सापडायला आवडेल का? पोलिसांत बढती देतानाही तुरुंगात गेलेल्यांना हेच विचारा. उत्तर सतत ‘नाही’ येत असेल तर नियमपुस्तक बाजूला ठेवा आणि त्यांना घरी पाठवा, मग ती टोळी कितीही जुनी असो, तिचा म्होरक्या कितीही मोठा स्ट्रीमर असो. आणि तुम्ही, जे आज रात्री कुणाला तरी हायवेवर अडवणार आहात, तुम्ही त्याला एक प्रश्न विचारा आणि त्याचं उत्तर संपेपर्यंत बोट ट्रिगरवरून बाजूला ठेवा. एवढंही जमत नसेल त्यानं आरपी सर्व्हरवर येऊ नये.